फ्रान्सचा एक देपार्तमाँ समजून घ्यायचाय? आधी डोंगर बघा

पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्याला कधी ना कधी एखाद्या देपार्तमाँवर (म्हणजे साधारण आपला जिल्हा) बोलायला लागतंच, आणि बरेच जण लोकसंख्या, मुख्य शहर, चीज एवढं पाठ करून जातात. असं नका करू प्लीज, सगळी मजाच जाते. मी प्वी द दोम घेऊन दाखवते, नंबर 63.

प्रशासनाची चौकट पटकन उरका. 1790 मध्ये क्रांतीवाल्यांनी जुने प्रांत मोडून 83 देपार्तमाँ केले (आता 101 आहेत), हा ओव्हेर्न्य प्रांतातून निघाला. प्रीफे म्हणजे साधारण आपला कलेक्टर, सरकार नेमतं, आणि निवडून आलेली कौन्सिल म्हणजे झेडपी.

मग फ्रेंच सरकारची नकाशांची साइट cartes.gouv.fr (आधीची जेओपोर्ताय) उघडा, फुकट आहे, आणि उंचसखल दिसेल असा लेयर लावा. पश्चिमेला उत्तर-दक्षिण ओळीत सुमारे 80 ज्वालामुखी दिसतील, 2018 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. सिंहगडाचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि यातला प्वी द दोम नावाचाच ज्वालामुखी (1465 मीटर) जेमतेम 11 हजार वर्षांचा, म्हणून त्याचा घुमट अजून शाबूत. मधे लिमान्यचं सुपीक मैदान, त्यातून आलिए नदी उत्तरेला जाते, आणि पूर्वेला परत डोंगर.

आता एकेका गावावर बोट ठेवून विचारा, हे इथेच का? मुख्य शहर क्लेरमाँ-फेराँचं कॅथेड्रल काळं का, तर जवळच्या व्होल्व्हिक गावचा लाव्हाचा दगड. शास्त्रज्ञ पास्कल जन्मला इथलाच, पण 1648 मध्ये तो पॅरिसला होता आणि तिथे डोंगर नाही, म्हणून त्याने मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोमवर चढायला सांगितलं, वर पारा आठेक सेंटिमीटर खाली आला आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो हे दिसलं! पूर्वेला तिएर, सुऱ्यांचं गाव, कारण द्युरोल नदीच्या उतारावर पाणचक्क्या चालायच्या, कारागीर फळीवर पालथे झोपून खालच्या दगडावर पाती घासायचे आणि ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवायचे. हे नक्की सांगा, लोक ऐकतात.

टायरवाल्या मिशलँ कंपनीला मात्र डोंगरात कोंबू नका. कंपनी 1889 ची, पण क्लेरमाँत रबर त्याआधीच आलेलं, मॅकिंटॉश रेनकोटवाल्याची भाची लग्न होऊन इथे आली आणि मुलांसाठी रबरी चेंडू करायची, तिथून. ते वेगळं सांगा.