मुलाखत घेताय? पूर्वग्रहाच्या या चुका टाळा

मुलाखत संपल्यावर आपली टिपणं एकदा वाचून बघा. ‘आत्मविश्वास छान’, ‘टीममध्ये रुळेल असं वाटत नाही’ एवढंच सापडलं, तर उमेदवार काय बोलला हे त्यात कुठेच नाही. आहे ते फक्त आपल्याला काय वाटलं ते.

सगळ्यात मोठी चूक होते प्रश्नांत. समजा, दोघांच्याही नोकरीत वर्षाचा खंड आहे. पहिल्याशी गप्पा रंगलेल्या, म्हणून आपण विचारतो, “मधे जरा ब्रेक घेतलात ना?” तो हसून हो म्हणतो, विषय संपतो. दुसऱ्याला विचारतो, “वर्षभर नक्की काय करत होतात?” तो गडबडतो आणि आपण लिहितो, ‘उत्तरं गुळमुळीत’. प्रश्न आपण बदलला, गुण मात्र त्याचे गेले. हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण त्या माणसाला ते कधी कळतही नाही.

म्हणून प्रश्न आधीच लिहून काढा आणि सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने विचारा. चांगलं उत्तर कशाला म्हणायचं तेही आधीच ठरवा. गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच द्या, शेवटी एकदम नको. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवलं होतं की लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसाची शरीरयष्टी, बुद्धी आणि नेतृत्व यांना दिलेले गुण एकमेकांशी वाजवीपेक्षा जास्त जुळत होते. एक गोष्ट आवडली की बाकीच्याही चांगल्या दिसू लागतात.

अर्ज चाळतानाही हेच. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच तोडीचे बायोडेटा वेगवेगळ्या नावांनी पाठवले. कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा गोऱ्यांची वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के जास्त फोन आले. पहिल्या चाळणीत नाव, फोटो आणि कॉलेज झाकायला सहकाऱ्याला सांगा.

आधीचा उमेदवार फारच कच्चा असेल, तर पुढचा उगाच हुशार वाटतो. तुलना ठरवलेल्या निकषांशी करा.

पॅनेलमध्ये साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. गुण लिहून होईपर्यंत चर्चा नको. मग सगळ्यात ज्युनियर सदस्याने आधी बोलावं. ‘आपल्यात बसणार नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारा: कोणत्या उत्तरावरून?