अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी आणि नंतर

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांसोबत काम करताना, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीची काही मिनिटे मी त्यांना कधीही घाईत उरकू देत नाही. 'कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?' या प्रश्नावर बहुतेक रुग्ण 'नाही' म्हणतात. परंतु पूर्वी एखाद्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, दम लागला होता का, असे विचारले की पुष्कळदा सोबत बसलेल्या नातेवाइकांनाच जुना प्रसंग आठवतो. पेनिसिलिनची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊन गेलेल्या रुग्णाला सेफॅलोस्पोरिन (पेनिसिलिनशी रचनेत साम्य असलेला अँटिबायोटिकचा गट) लिहिलेले दिसल्यास डॉक्टरांशी बोलल्याखेरीज व्हायल फोडू नये. त्वचेत दिलेल्या टेस्ट डोसला काही झाले नाही, म्हणजे धोका टळला असेही समजू नये.

ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) लिहिलेले असेल तर रक्त डोसाआधीच घ्यावे, कारण औषध रक्तात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू वाढण्याची शक्यता कमी होते आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात. प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवे. मात्र सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या उतरलेला असताना) पहिला डोस तासाभरात जायला हवा, म्हणून शीर सापडत नाही या कारणाने औषध अडवून धरू नये.

औषध किती वेगाने द्यायचे, याकडे नव्या मुलींचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे मला वाटते. व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम २०० मिली सलाईनमध्ये मिसळून किमान ६० मिनिटांत द्यावे लागते. ते भरभर गेले की हिस्टामिन सुटून चेहरा, मान आणि छाती लाल होते, खाज सुटते, कधी रक्तदाबही उतरतो. तसे दिसताच ठिबक बंद करून डॉक्टरांना कळवावे. सेफ्ट्रायाक्सोन आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये) मिसळू नये, कारण त्यातील कॅल्शियमबरोबर साका तयार होतो. नवजात बाळांच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

डोस सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे मी खाटेजवळून हलत नाही आणि त्यानंतरही अर्धा तास लक्ष ठेवते. अ‍ॅनाफिलॅक्सिसची (जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची) लक्षणे दिसल्यास औषध तत्काळ थांबवून मदतीला हाक मारावी; प्रौढांसाठी अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, हे प्रमाण पाठ असावे आणि अँप्यूल ट्रेमध्ये आहे की नाही हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावे.

पुढील दिवसांत लघवीचे प्रमाण, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), वारंवार होणारे पातळ जुलाब आणि शिरेजवळची सूज यांची नोंद रोज करावी, विशेषतः मूत्रपिंडाला इजा करू शकणारे जेंटामायसिन किंवा अ‍ॅमिकासिन चालू असताना. कल्चरचा अहवाल आल्यावर तो फाइलमध्ये नुसता लावून न ठेवता राउंडला डॉक्टरांसमोर ठेवावा आणि औषध बदलायचे, गोळीवर आणायचे की बंद करायचे, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.