लाइट गेल्यावर पाणी कुठे जाईल? रीफ टँकच्या संपाची आणि रेफ्युजियमची आखणी

रीफ टँक म्हणजे कोरल आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिचं पाणी खाली स्टँडमधल्या काचेच्या टाकीत, म्हणजे संपात, उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. सांगली-मिरजेत वळवाचं वारं सुटलं की लाइट जाते. पंप थांबतो, आणि टँकमधलं ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली सोडणाऱ्या तोंडाच्या) वरचं सगळं पाणी पाइपातल्या पाण्यासकट संपात उतरतं. तिथे जागा नसेल तर खारं पाणी फरशीवर आणि वायरिंगपर्यंत जातं. म्हणून कप्पे नंतर आखा, आधी या पाण्याचा हिशोब मांडा.

समजा टँक 120 × 45 सें.मी. आहे आणि पातळी 3 सें.मी. उतरते. 120 × 45 × 3 म्हणजे सुमारे 16 लिटर. पाइप धरून 20 लिटर. संप 75 × 35 × 40 सें.मी. असेल, तर एवढ्या पाण्याने त्याची पातळी साधारण 8 सें.मी. चढेल. पंप चालू असताना पाणी काठाच्या किमान 12 सें.मी. खाली हवं. संप स्टँडच्या दारातून आत जातो ना, स्किमरचा (फेसातून घाण वेगळी काढणाऱ्या यंत्राचा) कप वर काढायला जागा उरते ना, हेही काच कापायला देण्याआधी मोजा.

पंपाचं पाणी टँकमध्ये परत नेणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड टँकच्या पाण्यात खोल असेल, तर लाइट जाताच तोच पाइप उलटा सायफन होऊन टँक उपसू लागतो. पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाइपला बारीक भोक पाडा. ते उघडं पडलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) मी विसंबणार नाही. त्यात शेवाळ, शंख अडकतात आणि तो नीट बंद होत नाही. भोकही अधूनमधून साफ करावं लागतं.

आता कप्पे. पहिल्यात वरचं पाणी पडतं. स्किमर आणि हीटर तिथेच, कारण बॅफलमुळे, म्हणजे कप्प्यांमधल्या आडव्या काचेमुळे, तिथली पातळी हलत नाही. बॅफलची उंची स्किमरला किती खोल पाणी लागतं त्यावरून ठरवा.

मधला, सगळ्यात मोठा कप्पा रेफ्युजियमचा, म्हणजे शेवाळ आणि बारीक जीव माशांपासून वेगळे वाढवायचा. त्यात चेटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवा. ते नायट्रेट-फॉस्फेट शोषून घेतं, पण वाढलेलं शेवाळ मूठ-मूठ काढून टाकलं तरच नायट्रेट-फॉस्फेट पाण्याबाहेर जातं. माशांपासून लांब असल्यामुळे इथे कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीवही निवांत वाढतात. या कप्प्याचा दिवा रात्री लावा: टँक अंधारात असताना शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यामुळे पीएच फार घसरत नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी दिव्याची उष्णताही वाचते. आणि कृपा करून मालवणच्या किनाऱ्यावरून कोरलचे तुकडे आणू नका. प्रवाळ बांधणारी कोरलं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

तिसऱ्या कप्प्यात रिटर्न पंप. त्याच्या आधी बुडबुडे अडवायला वर-खाली-वर अशा तीन काचा लावा. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं ते इथेच दिसतं. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घाला, तीही शून्य टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार अजिबात नसलेल्या. घरच्या प्युरिफायरचं पाणी चालणार नाही, त्यात क्षार उरतात. विशिष्ट घनता 1.025 ते 1.026 राखा.

मीठ घालण्याआधी सगळं साध्या पाण्यावर चालवून बघा. मेन स्विच बंद करा, पाणी उतरायचं थांबेपर्यंत उभे राहा. पातळी काठाच्या खाली राहिली, तर पंप पुन्हा चालू करून रिटर्न कप्प्याच्या काचेवर मार्करने रेघ ओढा. भर घालताना त्या रेघेच्या वर जायचं नाही.