वृद्धाश्रम पाहायला जाल, तेव्हा आधी अंथरुणावरच्या माणसाला भेटा

वृद्धाश्रम बघून आलेले लोक मला सांगतात, बाग छान आहे, देवघर आहे, रोज संध्याकाळी हरिपाठ होतो, खोलीतून डोंगर दिसतो. मी सरकारी रुग्णालयात मेडिसीनच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून पुण्यातले ओळखीपाळखीचे लोक आई-वडिलांसाठी जागा बघायला निघाले की मला सोबत बोलावतात. तिथे गेल्यावर मी पहिली विनंती एकच करते: तुमच्याकडे पूर्ण अंथरुणावर असलेलं जे कोणी असेल, त्यांना भेटू द्या.

जो माणूस पायांनी जेवणघरात जातो, तो भाजी खारट झाली तर तिथल्या तिथे बोलतो आणि रात्री मुलाला फोन करून गाऱ्हाणंही सांगतो. ज्याला कूस बदलता येत नाही, ज्याची वाचा गेली आहे, त्याच्याशी तिथले लोक कसे वागतात, हीच त्या जागेची खरी पत. शिवाय आज काठी टेकत का होईना चालणारे तुमचे वडील एखाद्या पडण्यानंतर त्याच पलंगावर येऊ शकतात.

‘आम्ही झोपून असलेले घेतच नाही’ असंही बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते प्रामाणिक उत्तर आहे. मग लगेच विचारा, इथे राहता राहता कोणी अंथरुणाला खिळलं तर? किती दिवसांत घेऊन जायला सांगता? आणि ते उत्तर करारात लिहून घ्या. खुब्याचं हाड मोडलेल्या आईला हॉस्पिटलमधून परत घ्यायला संस्थेने नकार दिला आणि मुलगी दोन दिवसांत दुसरी जागा शोधत वणवण फिरतेय, ही वेळ मी फार जवळून पाहिली आहे.

पलंगाशी उभं राहून काय बघायचं

आधी त्या आजींशी किंवा आजोबांशी बोला. आपलं नाव सांगा, ‘जरा पाय बघू का?’ असं विचारा. समजत नाही असं वाटलं तरी विचारा. मग टाचा बघा. कायम उताणं झोपणाऱ्याला जखम माकडहाडावर आणि टाचेवर आधी होते. माकडहाड आपण परक्याने बघणं बरं नव्हे, टाच मात्र चादरीच्या कडेलाच असते. लाल डाग दिसला तर बोटाने हलकेच दाबा. बोट काढल्यावरही तो फिका होत नसेल, तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट झालेली, हाताला गरम किंवा घट्ट लागणारी जागा शोधा. पोटरीखाली उशी किंवा टॉवेलची गुंडाळी अशी हवी की टाच अधांतरी राहील. एअर बेड, म्हणजे मोटरने हवा भरणारी गादी, असेल तर मोटर चालू आहे ना, नळी कुठे मुडपलेली नाही ना, तेही बघा. बंद मोटरचे एअर बेड मी खूप पाहिलेत.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते आणि त्याची नोंद पलंगापाशी ठेवलेली असते. तो कागद मागा. एका ठिकाणी दुपारचे चार वाजले होते आणि कागदावर रात्री दहाच्या रकान्यातसुद्धा सही होती. सगळ्या सह्या एकाच पेनच्या, एकाच वळणाच्या. मी काही न बोलता तो कागद सोबतच्या मुलासमोर धरला. त्यालाही कळलं.

मग तिथल्या सिस्टरना विचारा, सध्या बेडसोर किती जणांना आहेत, त्यातले येतानाच घेऊन आलेले किती आणि इथे झालेले किती? चांगली सिस्टर नावानिशी सांगते, कोणाची जखम भरत आलीय तेही सांगते. ‘आमच्याकडे कोणालाच कधी होत नाही’ हे उत्तर मला पटत नाही.

पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का? अर्धांगवायूने ज्यांची डावी बाजू गेली आहे, त्यांचा पेला आणि बेल डावीकडच्या टेबलावर ठेवलेली मी पाहिली आहे. ओठांना भेगा, जीभ कोरडी. तिथे पाणी होतं, पेला स्वच्छ होता, बेलही चालत होती. फक्त त्या बाईंचा हात तिथवर पोचत नव्हता आणि दिवसभर ये-जा करणाऱ्या कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. अशा वेळी माझ्या जिवाची फार तगमग होते, कारण पलंग फिरवायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

नखं, दाढी, कवळी बघा. कवळीच्या डबीवर नाव हवं. चष्मा पुसलेला आणि डोळ्यांवर हवा, कपाटात नको. अंगावरचे कपडे त्यांचे स्वतःचेच आहेत का, हेही विचारा. काही ठिकाणी सगळ्यांचे गाऊन एकत्र धुतात आणि ज्याच्या हाती जो येईल तो त्याला घालतात. एका पलंगापाशी लघवीचा वास येणं समजू शकतं, अपघात होतात. अख्ख्या पॅसेजला तो वास मुरलेला असेल तर दुखणं जुनं आहे. डायपर दिवसाला किती, रात्री कितीदा बघतात, खर्च कोणाचा, हे लाजू नका, विचारा. कुठे कुठे दिवसाला तीनच असं मोजून देतात. चौथा लागला तर काय करतात, ते ऐका.

जेवणाच्या वेळी थांबा

भेटीची वेळ संस्था ठरवते तेव्हा ती बहुधा अकराची असते. तुम्ही साडेबाराला जा आणि पंगत बसेपर्यंत हलू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, दात नसलेल्यांसाठी काय करतात ते ताटात बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भरवताना माणूस बसता केलेला आहे का. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत उतरू शकतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. जेवणानंतरही अर्धा तास तरी पाठ उंच हवी. एक मावशी तीन-तीन जणांना आळीपाळीने घास देत असेल, तर त्या तिघांचंही पोट भरत नाही. त्यात मावशीचा दोष नाही, माणसं कमी आहेत.

रात्रीचं जेवण किती वाजता, तेही विचारा. सहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता, हे अंतर इन्सुलिनवर असलेल्या माणसाला झेपणारं नाही. झोपताना दूध किंवा काही खायला देतात का?

आणि वजनाचं रजिस्टर मागा. महिन्याच्या महिन्याला वजन करतात की नाही, यावरून मला अर्धी संस्था कळते. महिन्यात पाच टक्के वजन विनाकारण उतरणं ही धोक्याची खूण आहे. म्हणजे पन्नास किलोच्या आजींचं अडीच किलो. उभं राहता येत नाही त्यांच्या दंडाचा घेर टेपने मोजता येतो. ज्या संस्थेत हे रजिस्टर नीट भरलेलं असतं, तिथे बाकीचंही बहुतेक ठीक असतं.

औषधं आणि झोप

सकाळी अकरा वाजता सगळा हॉल पेंगत असेल तर सावध व्हा. फाइल बघायला मागा: झोपेची किंवा शांत करणारी गोळी कोणत्या डॉक्टरांनी, कधी लिहिली आणि ती परत कधी तपासली? म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, रात्रभर ओरडायला लागलं, तर आधी लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, बद्धकोष्ठ हे तपासायचं असतं. तपासायच्या आधीच गोळी देणं किंवा मनगट ओढणीने पलंगाला बांधणं, मी याला उपचार म्हणत नाही. ‘तुम्ही कधी हात बांधता का?’ असं थेट विचारा आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

प्रत्येकाच्या औषधांचा डबा वेगळा आणि नावाचा हवा. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या दोन ते आठ अंशांत, फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नव्हे. इन्सुलिन दिल्यावर जेवण उशिरा आलं तर काय करता, असं विचारलं की समोरच्याला काम येतं की नाही ते तिथेच समजतं.

रात्री जागं कोण?

‘चोवीस तास नर्सिंग’ हे पाटीवर लिहायला काही लागत नाही. पांढरा किंवा निळा युनिफॉर्म घातलेल्या प्रत्येकीला सिस्टर म्हणतात. तुम्ही विचारा, जीएनएम आणि एएनएम हे नर्सिंगचे कोर्स केलेल्या कोण कोण, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे का आणि ब्युरोकडून, म्हणजे सेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, आलेल्या मुली किती. ब्युरोच्या मुलींना कमी लेखू नका, पलंगावरची सगळी सेवा त्याच करतात. पण जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी), नाकातल्या नळीतून भरवणं, हे त्यांच्या एकट्यांवर सोडलेलं नसावं.

ड्युटीचा तक्ता मागा आणि रात्री साडेनऊनंतर या मजल्यावर जागं कोण, त्याचं नाव विचारा. दिवसभर राबलेली मावशीच रात्री पलंगाशेजारी सतरंजी टाकून झोपत असेल, तर रात्रीची ड्युटी मुळात नाहीच. तिच्याशी दोन शब्द बोला: गाव कोणतं, इथे किती वर्षं, सुट्टी कधी मिळते? जिला आठवड्याची सुट्टी नाही, तिच्याकडून माया किती काळ मागणार? मग कोणत्याही पलंगाची बेल स्वतः दाबा आणि घड्याळ बघा. दुसरी फेरी न सांगता, रविवारी संध्याकाळी किंवा रात्री आठला मारा.

कर्मचारी माणसांना हाक कशी मारतात, तेही कानावर पडतंच. ‘अहो कुलकर्णी काका’ कुठे आणि ‘ए, उठ की’ कुठे.

बाथरूमचं सगळ्यांनाच कळतं, म्हणून थोडक्यात. भिंतीचा दांडा जोर लावून ओढा, कडी बाहेरून उघडते का बघा, उंबरठा नको, रात्री दिवा हवा. टेप न्या आणि दार मोजा. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये दारांना 900 मिलिमीटरचं माप घालून दिलं. वृद्धाश्रमाला तो नियम लागू होतो असं नाही, पण व्हीलचेअर तीच असते.

दिवस कसा जातो, हे चालत्या-फिरत्या माणसांकडून ऐका. एका ठिकाणी व्हरांड्यात चार आज्या मेथी निवडत बसल्या होत्या. एकीची दृष्टी अधू, ती हाताने चाचपून देठं मोडत होती, आणि स्वयंपाकीण निवडलेली भाजी घ्यायला येऊन कालच्या भाजीत मीठ कमी होतं का, हे त्यांनाच विचारत होती. मला ती जागा आवडली. मोठ्या टीव्हीपुढे ओळीत बसवलेली माणसं बघून तसं वाटत नाही.

कागद

अनामत किती, परत किती दिवसांत, महिन्याचे पैसे दरवर्षी किती वाढतात. चालत्या माणसाला ‘परावलंबी’ गटात टाकून दर वाढवायचा निर्णय कोण घेतं? अडचणीच्या वेळी 108 ची रुग्णवाहिका बोलावतात की संस्थेची गाडी आहे, कोणत्या हॉस्पिटलात नेतात आणि नातेवाईक पोचेपर्यंत तिथे सोबत कोण बसतं? मुलं परदेशात असतील तर हा प्रश्न पहिला. मृत्यूनंतरचंही आधीच बोलून ठेवा: कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देतात, मुलं येईपर्यंत शीतपेटीची सोय आहे का, आणि 21 दिवसांच्या आत नोंदणी कोण करतं.

घर, फ्लॅट किंवा ठेवी संस्थेच्या नावावर करा असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली परत मागता येते, पण ती अट कागदावर असावी लागते. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567 आहे, तो नंबर आई-वडिलांच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

आणि ज्यांना राहायचं आहे त्यांना सोबत न्या. शक्य असेल तर आधी पंधरा दिवस राहू द्या. ‘भेट फक्त रविवारी चार ते सहा’ असा नियम जिथे असेल, ती जागा मी कोणालाच सुचवत नाही. दाखल केल्यानंतर पहिले तीन महिने वेळ बदलून बदलून जा, कधी नाश्त्याला, कधी रात्री. दर वेळी टाचा बघा आणि महिन्याचं वजन आपल्या वहीत उतरवून घ्या.