आधी भरती वाचा, मग नकाशा काढा

मुंबईसारख्या शहरात पूरनियोजन शिकायला येणारे बहुतेक जण पावसापासून सुरुवात करतात. आमचा आग्रह भरतीपासून सुरुवात करण्याचा आहे, कारण भरतीच्या पाण्यानं नाल्याचं तोंड किती तास बंद राहणार यावरच बाकीचं गणित उभं राहतं.

कोळ्यांचा हिशेब तोंडपाठ करा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वात कमी चढउताराची भरती. नेमका आकडा मात्र भरतीच्या छापील तक्त्यातूनच घ्या.

इथंच नवखे हमखास चुकतात. तक्त्यातली 4.5 मीटरची भरती चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्य पातळीपासून, मोजलेली असते आणि मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे सरासरी समुद्रपातळीपासून उंची दाखवणाऱ्या समोच्च नकाशावर ही भरती साधारण दोन मीटरला येते. महापालिकेच्या जुन्या नकाशांवर टाउन हॉल डेटम हे तिसरंच माप असतं. तिन्ही एका पातळीवर आणल्याशिवाय रेघ ओढू नका.

मग उधाणाच्या दिवशी नाल्याच्या मुखाशी जा. ओहोटी ते भरती, साधारण सहा तास, दर पंधरा मिनिटांनी पातळी लिहा. मुखावरची झडप आपल्या खारभूमीच्या बांधातल्या उघाडीसारखीच चालते: बाहेरचं पाणी चढलं की मिटते, उतरलं की उघडते. तिच्या कडेत करवंटी किंवा पिशवी अडकली की दोन बोटांची फट राहते, आणि पाऊस नसतानाही चेंबरमधून खारं पाणी रस्त्यावर येतं. समोरचा गाळ झडपेच्या खालच्या कडेवर चढला असेल तर ती ओहोटीलाही पुरती उघडत नाही. दोन्ही गोष्टी हात घालून तपासा.

आता बेरीज. मुंबईचे जुने नाले तासाला 25 मिमी पावसासाठी होते. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते प्रमाण 50 मिमी धरलं. एक हेक्टरवर तासाला 50 मिमी म्हणजे 500 घनमीटर पाणी. काँक्रीटच्या वस्तीत त्यातलं 90 टक्के वाहून येतं, म्हणजे 450. झडप तीन तास मिटलेली असेल तर 1,350 घनमीटर. एवढं पाणी साठवायला दोन मीटर खोल टाकी 675 चौरस मीटरची लागते. एवढी जागा नसेल तर सेकंदाला 125 लिटर उपसणारा पंप, शिवाय एक राखीव, आणि दोन्हींना डिझेल जनरेटर, कारण मोठ्या पावसात वीज जातेच असं धरून चालायचं.

शोषखड्ड्यांवर भिस्त ठेवू नका. किनाऱ्यालगत भूजल भरतीबरोबर वर येतं आणि ते ऐन वेळी भरलेले असतात. तेच भूजल रिकामी टाकी वर उचलतं. तळाच्या वर एक मीटर भूजल असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर एक टन दाब खालून येतो. नुसत्या वजनानं तो पेलायला 40 सेंटीमीटर जाडीचा तळ लागतो, आणि तोही जेमतेम. काँक्रीट भरतीच्या पट्ट्यात असेल तर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम 40 दर्जाचं काँक्रीट वापरा आणि सळईवर काँक्रीटचं 75 मिमी आवरण द्या. आवरण कमी पडलं की मिठानं सळई गंजून फुगते आणि पापुद्रे सुटतात, म्हणून ओतकामाआधी आवरणाचे ठोकळे स्वतः मोजा.