गाठीच्या ऑपरेशननंतर लायसन्स परत मिळालं

लंडनजवळ स्लाउमध्ये राहते. डोक्यात मेनिन्जिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ निघाली, कॅन्सरची नव्हती. ऑपरेशन झालं. फिट कधीच आली नव्हती, तरी नियमाने ६ महिने गाडी बंद.

इथे लायसन्सच्या खात्याला, म्हणजे डीव्हीएलएला, आजार आपणच कळवायचा असतो. वॉर्डातल्या नर्सने वेळेवर सांगितलं, ‘ते रद्द करतील म्हणून थांबू नका, स्वतःहून परत करा.’ पाकीट पोस्टात टाकताना रडू आलं. पण तिचंच खरं होतं! खात्याने रद्द केलं असतं, तर नवीन हातात येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावता आला नसता. स्वतःहून दिलं असेल तर मुदत संपल्यावर, अर्ज पोचलेला असला आणि डॉक्टरांनी होकार दिला की, १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यातल्या कलम ८८ मुळे उत्तराआधीच गाडी चालवता येते. अर्ज ८ आठवडे आधी करता येतो. मी एक दिवसही दवडला नाही. तोवर वैद्यकीय कारणावरचा मोफत बसपास वापरला.

पहिल्याच दिवशी लेकाला शाळेतून आणलं. मागून म्हणाला, ‘आई, आता रोज तूच ये हं.’