घर घेताना वकील आणि त्याची फी : या चुका टाळा

कोल्हापुरात घर बघायला गेलं की चहा यायच्या आत एजंट म्हणतो, “कागदांचं काय टेन्शन घेऊ नगासा, वकील आपलाच हाय.” हा ‘आपला’ म्हणजे नेमका कुणाचा, हे विचारायचं मला पहिल्या खेपेला सुचलं नव्हतं.

उपनगरातलं एक रो-हाऊस होतं. एजंटच्या वकिलांनी सात-बारा चाळला, प्रॉपर्टी कार्डावर नजर टाकली आणि म्हणाले, “स्वच्छ आहे, संचकार करून टाका.” संचकार म्हणजे सौद्याचा विसार. बायकोचे मामा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हट्टच धरला म्हणून दुसऱ्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी उतारा बाजूला ठेवला आणि जुने फेरफार, म्हणजे उताऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढून आणायला सांगितले. आठवड्याने त्यातल्या एका पिवळ्या पडलेल्या नोंदीवर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, “हे वाचा. मयताला दोन मुलगे, तीन मुली. मुलींची नावं वर्दी अर्जावरून, म्हणजे नुसतं लिहून कळवल्यावरून, कमी केलीत. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र कुठं आहे?”

ते नव्हतंच. विकणाऱ्याचं उत्तर असं, “बहिणींची काय तक्रार नाही ओ, राखीला येतात की सगळ्या.”

फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलाच्या सोयीची नोंद. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे राखीला येणारी बहीण उद्या दाव्याची नोटीस घेऊनही येऊ शकते. आम्ही व्यवहार सोडला. वकीलबाईंची फी मात्र पूर्ण दिली. घर मिळालं नाही आणि वर पैसे गेले, म्हणून तेव्हा जिवावर आलं होतं. आज हिशेब केला तर ती रक्कम गृहकर्जाच्या एका हप्त्याहून कमी भरते.

फी व्यवहाराला बांधणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. “खूषखरेदी (खरेदीखत) झाली की बघू फीचं” असं ठरलं, की वकिलाला दस्त होण्यातच रस उरतो. नको म्हणण्यासाठीच तर आपण वकील लावतो, आणि नको म्हटलं तर त्याचा खिसा रिकामा, ही कसली रचना? म्हणून दोन तुकडे पाडा. मालकीच्या जुन्या कागदांचा शोध घेऊन लेखी अभिप्राय देण्याची फी वेगळी, ती व्यवहार मोडला तरी द्यायची. मसुदा करून दस्ताला सोबत बसण्याची फी वेगळी. असं सुचवल्यावर जो वकील हसतो किंवा रागावतो, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

याच कारणाने बिल्डरचा किंवा विकणाऱ्याचा वकील आपला मानू नका. माणूस कितीही सज्जन असो, एका दस्तात दोन पक्षांचं हित सांभाळणं अवघडच. ‘फुकटात करून देतो’ म्हणणाऱ्याची फी दुसरं कुणीतरी देत असतं.

बँकेने पाहिलंय ना, मग झालं

बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. त्याचा खर्च आपल्याकडून घेतला जातो, पण अहवालाची प्रत बऱ्याचदा मागूनही हातात पडत नाही. शेजाऱ्याशी चतुःसीमेचा वाद आहे का, गच्ची कुणाची, सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, यात बँकेला फारसं सोयरसुतक नसतं. तिने कर्ज मंजूर केलं ही चांगली खूण आहे. तेवढीच.

एकरकमी ‘पॅकेज’

“सगळं धरून एवढे द्या” हे ऐकायला बरं वाटतं. पण त्यात सरकारी किती आणि माणसाची फी किती, हे कागदावर घ्या. समजा महापालिका हद्दीत ४५ लाखांचा फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि वर १ टक्का स्थानिक संस्था अधिभार, म्हणजे २,७०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० वरच थांबते. हे दोन्ही ऑनलाइन चलनाने भरता येतं, तेही आपल्या खात्यातून. दस्त हाताळणी शुल्क पानाला ४० रुपये. रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क तिच्यावर बसतं. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर निवासी मिळकतीला १ टक्का सवलत आहे. पॅकेजवाल्यांना ती आठवतेच असं नाही.

हे सोडून उरतो तो शोध, मसुदा, जाहीर नोटीस आणि ‘ऑफिस खर्च’. या शेवटच्या शब्दाची फोड मागा. फोड येत नसेल तर तो खर्च तुमचा नाही. आणि एक बारीक गोष्ट: घर राहण्यासाठी घेणाऱ्या व्यक्तीला वकिलाच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलात अठरा टक्के दिसले तर का, ते विचारा.

पाटी बघून वकील निवडणे

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे नाव कानोकानीच कळणार. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून शहरात नव्या पाट्या बऱ्याच लागल्यात. पण अपिलात कसलेला माणूस दुय्यम निबंधकाकडची जुनी हस्तलिखित पुस्तकं चाळण्यात तरबेज असेलच असं नाही. दस्तलेखनिक आणि मुद्रांक विक्रेते तर वकील नव्हेतच, त्यांच्या टेबलावर कितीही शिक्के असोत.

मी आता थेट विचारतो: याच वॉर्डातल्या किती मिळकतींचा शोध घेतलाय? पेठेतल्या जुन्या वाड्याचे कागद मोडी लिपीतले निघाले तर कोण वाचणार? जमीन देवस्थानची, इनामाची किंवा भोगवटादार वर्ग-२ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, हे अहवालात लिहून देणार का? करवीर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, तरी त्या काळची इनामं आजही उताऱ्यावरच्या बारीक शेऱ्यात जिवंत आहेत. गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा आदेशच बघा. ‘अर्ज केलाय’ याला किंमत शून्य.

पूररेषा मात्र स्वतःहून विचारावी लागते. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं हे शहरात पोराटोरांना ठाऊक आहे, पण शोध अहवालात ते येत नाही, कारण तो मालकीचा प्रश्न नाही. विकास आराखड्याच्या नकाशावर मिळकत निळ्या पूररेषेच्या कुठल्या बाजूला पडते, हे नगररचना विभागातून लेखी घ्या आणि वकिलाच्या फाइलला लावा.

अहवाल हातात आला की शेवटचं पान आधी वाचा. ‘अमुक सालची पुस्तकं जीर्ण, पाहणीस उपलब्ध नाहीत’ असा शेरा तिथंच दडलेला असतो. तीस वर्षांच्या शोधात सहा वर्षं गायब असतील, तर जाहीर नोटीस द्यायलाच हवी.

आधीच चूक झाली असेल तर

संचकार रोख दिला असेल तर लगेच लेखी पावती घ्या आणि पुढची रक्कम बँकेतूनच द्या. स्थावर मिळकतीसाठी विकणाऱ्याने २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. बिल्डर नोंदणीकृत करार न करता दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागत असेल, तर रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याचं तेरावं कलम त्याला दाखवा.

वकील बदलायचाय आणि जुना कागद सोडत नाही? फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय. आधी लेखी मागणी करा. नाही दिली तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार. ग्राहक आयोगात जाऊ नका. मे २०२४ च्या निकालानंतर वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही.

शेवटची चूक माझी स्वतःची, दुसऱ्या घराची. दस्त झाला, पेढे वाटले, वकीलबाईंचा हिशेब मिटवला. सिटी सर्व्हेला नोंद, घरफाळ्याला आणि वीजबिलावर नाव लावणं हे फीत आहे की नाही, ते विचारलंच नव्हतं. नव्हतं फीत. पुढल्या वर्षी घरफाळ्याचं बिल आलं ते जुन्या मालकाच्या नावाने, मागच्या थकबाकीसकट.